काळी, भुसभुशीत आणि निचऱ्याची : प्रेअरीच्या पोयट्याची ओळख

(शेतकरी श्रोत्यांसाठी दिलेले भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या एका श्रोत्याने एक प्रश्न विचारला. त्यांचा पुतण्या अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात नोकरीला आहे. त्याने तिकडच्या एका शेतात खणलेल्या खड्ड्याचा फोटो मोबाइलवर काकांना पाठवला. वरची माती आपल्या काळीसारखीच काळीभोर. काकांनी विचारले, "साहेब, माती तर आपल्यासारखीच दिसते. मग पोरगा म्हणतो की मोठा पाऊस झाला तरी तिथं दोन-तीन दिवसांत वाफसा येतो. आमच्या काळीत आठ-आठ दिवस पाय घालता येत नाही. हे कसं?"

प्रश्न मोठा मोलाचा आहे. कारण आपण सगळेच एक चूक करतो. माती काळी दिसली की ती भारी, ती सकस, असे ठरवून मोकळे होतो. म्हणून आज आपण त्या परदेशी मातीची नीट ओळख करून घेऊ. ती मातीचे जाणकार कशी पाहतात, तिला कोणत्या वर्गात घालतात, आणि तीच पद्धत आपल्या शेतात कशी वापरायची, हे क्रमाने पाहू.

प्रेअरी म्हणजे काय?

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी झाडे जवळजवळ नसलेला, नजर पोहोचेल तिथवर गवतच गवत असलेला प्रदेश होता. त्याला प्रेअरी म्हणतात. नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा आणि मिनेसोटा या तीन राज्यांत या गवताळ रानाखाली जी एक माती फार मोठ्या क्षेत्रावर सापडते, तिचे नाव 'बार्न्स'. तिकडे मातीच्या प्रत्येक जातीला असे गावा-परगण्यासारखे नाव देतात. बार्न्स ही पोयट्याची, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे बेताचे मिश्रण असलेली, उत्तम निचऱ्याची माती आहे.

ही माती तयार कशी झाली? सुमारे १२ ते १४ हजार वर्षांपूर्वी या भागावरून बर्फाचे प्रचंड थर मागे सरकले. बर्फाने वाटेतले दगड, चुनखडक, शेल सगळे भरडले होते. बर्फ वितळला आणि हे भरड मागे राहिले. त्यात वाळू होती, गाळ होता, चिकणमाती होती, चुना होता, मधूनमधून गोटेही होते. जात्यात पाच धान्ये एकत्र भरडावीत तसा तो प्रकार. या भरडावर हजारो वर्षे गवत वाढले. तिथल्या काही गवतांची मुळे सहा फुटांच्याही खाली जातात. दरवर्षी त्यातली बरीच मुळे मरायची आणि जमिनीतच कुजायची. हिवाळा इतका कडक की जमीन गोठून जाते, त्यामुळे कुजण्याचे काम सावकाश चालते. असा शेकडो पिढ्यांचा कुजका माल साठत गेला आणि वरचा थर काळा झाला.

इथे पहिला मुद्दा ध्यानात घ्या. बार्न्स मातीचा काळेपणा आला आहे गवताच्या मुळांपासून झालेल्या सेंद्रिय पदार्थातून. आपली काळी जमीन बहुतांशी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यातली फुगणारी चिकणमाती थोडासाच सेंद्रिय पदार्थ घट्ट धरून ठेवते आणि तेवढ्यावरही गडद रंग दाखवते. म्हणून आपल्याकडे काळ्याभोर जमिनीच्या तपासणीतही सेंद्रिय कर्बाचा आकडा पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. रंग एकच, पण पोटात फरक.

खड्ड्याची भिंत काय सांगते?

मातीची ओळख पटवायची तर वरून पाहून भागत नाही. खड्डा खणावा लागतो. बार्न्स मातीत खड्डा खणला तर भिंतीवर वरून खाली असे थर दिसतात.

पहिला थर साधारण ७-८ इंचांचा. हा नांगरटीचा थर. ओला असताना रंग काळा. माती हातात घेतली की रवाळ, चहाच्या भुकटीसारखी कणीदार. वाळल्यावरही दगडासारखी होत नाही, बोटाने चुरडते. बारीक मुळे भरपूर.

दुसरा थर त्याखाली, साधारण दीड फुटापर्यंत. रंग तपकिरी होत जातो. मातीचे उभे, ठोकळ्यासारखे तुकडे निघतात आणि त्यांच्या फटींतून मुळे खाली उतरलेली दिसतात. या थरात चुना नसतो. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तरी फेस येत नाही.

तिसरा थर दीड फुटाच्या आसपास सुरू होतो. रंग फिका, पिवळसर. त्यात पांढऱ्या, मऊ चुन्याचे ठिपके आणि रेषा दिसतात. आम्लाचा थेंब टाकला की फसफसून फेस येतो.

त्याखाली बर्फाने टाकलेले मूळचे भरड, जसे होते तसे.

आता हा चुना तिथेच, दीड फुटावरच का थांबला? पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी वरून खाली जाताना वरच्या थरातला चुना विरघळवून नेते. त्या भागात वर्षाला सरासरी २० ते २२ इंच पाऊस-बर्फ पडतो. तेवढे पाणी जिथवर नेहमी पोहोचते, तिथे ते मुळे शोषून घेतात आणि चुना मागे राहतो. म्हणजे चुन्याची ती रेषा म्हणजे पाण्याने स्वतःच्या हाताने भिंतीवर मारलेली खूण आहे. पाणी कुठवर मोकळेपणाने जाते, ते ती सांगते.

निचरा चांगला आहे हे आणखी कशावरून ओळखायचे? पाणी साचून राहणाऱ्या मातीत हवा कोंडते. मग मातीतल्या लोखंडाचा रंग बदलतो. माती राखाडी, निळसर पडते, मधेमधे गंजासारखे तांबडे ठिपके येतात. बार्न्सच्या वरच्या आणि मधल्या थरांत असे काही दिसत नाही. रंग एकसारखा, तपकिरी, उबदार. म्हणून तिला 'उत्तम निचऱ्याची' म्हटले आहे. उत्तम निचऱ्याची म्हणजे पाणी झरझर पळून जाणारी मात्र नव्हे. वाळूतून पाणी पळते, तो अतिनिचरा. उत्तम निचऱ्याची म्हणजे जादा पाणी निघून जावे, पण पिकापुरती ओल मागे राहावी.

वर्गवारी : मातीचा पत्ता

आता वर्गवारीकडे येऊ. अमेरिकेने १९७५ साली मातीच्या वर्गवारीचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तीच पद्धत सुधारत सुधारत आज बऱ्याच देशांत वापरतात. आपल्या नागपूरला १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे, तीही आपल्या मातीचे सर्वेक्षण करताना हीच पद्धत वापरते.

ही पद्धत म्हणजे पत्ता लिहिण्यासारखी आहे. देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, घर. अशाच इथे सहा पायऱ्या. बार्न्सचा पत्ता असा :

१. गण : मॉलिसॉल. 'मॉलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ मऊ. वरचा थर जाड, गडद रंगाचा, वाळल्यावरही मऊ राहणारा, निदान ०.६ टक्के सेंद्रिय कर्ब असलेला आणि चुना-मॅग्नेशियमसारख्या द्रव्यांनी भरलेला असेल, तरच माती या गणात बसते. साऱ्या जगातल्या मातीचे आज असे १२ गण धरतात.

२. उपगण : उडॉल. म्हणजे ओलसर हवामानातली मॉलिसॉल. वर्षातला बराच काळ जमिनीत ओल राहते.

३. महागट : हॅप्लुडॉल. म्हणजे साधी, सरळ घडणीची. मधल्या थरात वरून वाहून आलेल्या चिकणमातीची दाट साठवण नाही.

४. उपगट : कॅल्सिक. खाली चुन्याचा थर आहे, म्हणून.

५. कुटुंब : यात पोत, खनिजे आणि जमिनीचे तापमान येते. बार्न्समध्ये चिकणमाती १८ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. खनिजे मिश्र आहेत. चिकणमाती अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात फार जोरकस आहे. आणि जमीन थंड, म्हणजे वर्षाचे सरासरी तापमान ८ अंश सेल्सिअसपेक्षा कमी.

६. मालिका : बार्न्स. हे झाले घर.

या पत्त्यातला प्रत्येक शब्द खड्ड्याच्या भिंतीवरून उचललेला आहे. मऊ काळा थर पाहिला म्हणून मॉलिसॉल. फेस आला म्हणून कॅल्सिक. हातात चोळून आणि प्रयोगशाळेत मोजून पोत कळला म्हणून कुटुंब. नुसते नाव ठेवण्याचा हा खेळ नाही. असा पत्ता एकदा कळला की तिथे कोणते पीक येईल, पाणी किती द्यावे, कोणते खत लागेल, हे दुसऱ्या ठिकाणच्या त्याच मातीच्या अनुभवावरून सांगता येते.

एकाच राज्यात दोन काळ्या माती

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. त्याच नॉर्थ डकोटा राज्याच्या पूर्व कडेला रेड नदीचे सपाट खोरे आहे. बर्फ वितळला तेव्हा तिथे अ‍ॅगासिझ नावाचे अफाट सरोवर झाले होते. त्याच्या तळाशी बारीक चिकण गाळ बसला. सरोवर आटले आणि त्या गाळाची 'फार्गो' नावाची माती झाली. तीही काळीभोर. पण ती भारी, फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पाणी साचणारी. तिचा गण वेगळा, व्हर्टिसॉल. आणि बंधूंनो, आपली खोल भारी काळी जमीनही याच व्हर्टिसॉल गणातली! म्हणजे आपल्या काळीची खरी भावकी फार्गोशी आहे, बार्न्सशी नाही. पुतण्याने फोटो पाठवला तो बार्न्ससारख्या पोयट्याचा. तिकडच्या फार्गोच्या शेतकऱ्याला विचारले तर तोही तुमच्यासारखाच म्हणेल की पावसानंतर रानात पाय घालता येत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. बार्न्स माती असलेल्या एकाच शेतात चार पावलांवर माती बदलते. टेकाडाच्या माथ्यावर वरचा थर पातळ आणि चुना थेट वरपर्यंत आलेला, ती 'ब्यूझ'. उतारावर बार्न्स. उताराच्या पायथ्याशी काळा थर आणखी जाड, ती 'स्वीआ'. आणि खोलगट भागात पाणी साचणारी 'पार्नेल'. चारही एकाच भरडातून झालेल्या. फरक केला तो पाण्याच्या वाटेने. आपल्याकडे माथ्याला मुरमाड, मध्ये मध्यम काळी आणि ओढ्याकाठी भारी, हे तुम्ही रोज पाहता. तत्त्व तेच आहे.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्यावरचीच आहे. नोकरीला लागून दुसरे वर्ष होते. कृषी पदवी नवी होती आणि उत्साहही नवा होता. एका शेतकरी दादांना दोन एकरांत संत्रा लावायचा होता. मी वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचा नमुना घेतला. अहवाल चांगला आला. जमीन काळी, सपाट, विहिरीला पाणी. मी म्हटले, लावा.

दादांनी दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, शेणखत भरले, कलमे लावली. तीन वर्षे बाग डोळ्यांत भरण्यासारखी होती. चौथ्या पावसाळ्यात झड लागली. पाने पिवळी पडली, खोडातून डिंक वाहू लागला. दिवाळीपर्यंत निम्मी झाडे गेली होती.

मग आम्ही दोन झाडांच्या मध्ये चार फुटांचा खड्डा खणला. भिंत वरपासून खालपर्यंत चिकण. ढेकळे फोडली तर आतून आरशासारखी गुळगुळीत, चकाकणारी. अशी चकाकी माती फुगते-आकसते तेव्हा थरावर थर घासून येते. तीन फुटांवर चुनखडीच्या खड्यांचा दाट पट्टा. मुळे दोन फुटांवर अडून कुजलेली, त्यांना घाण वास. मी म्हटले, "दादा, हा खड्डा आधी खणायला पाहिजे होता." दादा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, झाडं लावायचे खड्डे तेव्हाही होतेच की."

खरी गोष्ट होती. दोनशेच्या वर खड्डे आमच्यासमोर उघडे पडले होते. त्यांची चिकण भिंत दिसत होती. पण आम्ही ते झाड लावायला खणले होते, कोणी वाकून आत पाहिले नाही. त्या दिवसापासून मी खड्डा पाहिल्याशिवाय फळबागेचा सल्ला देत नाही.

तुमच्या शेतात काय कराल?

(१) पावसाळा संपल्यावर, जमिनीत बेताची ओल असताना खड्डा घ्या. तीन-साडेतीन फूट खोल पुरे. एक बाजू सूर्याकडे ठेवा, म्हणजे भिंतीवर उजेड पडेल. भारी जमिनीत भिंत ढासळते, म्हणून एकट्याने आत उतरू नका. काम झाले की खड्डा बुजवा, गुरे पडतात.

(२) फावड्याने गुळगुळीत झालेली भिंत खुरप्याने उकरून घ्या, म्हणजे खरी घडण दिसेल. रंग कुठे बदलतो तिथे काडी खोचा. वरून किती इंचांवर, ते वहीत लिहा.

(३) प्रत्येक थराची मूठभर माती ओली करून मळा. अंगठा आणि बोट यांमध्ये दाबून तिची पट्टी काढा. पट्टी एक इंचाच्या आतच तुटली आणि हाताला थोडी वाळू, थोडी पिठासारखी लागली तर पोयटा समजा. दोन इंचांपेक्षा लांब पट्टी निघाली तर चिकण.

(४) ढेकूळ फोडून पाहा. रवाळ आहे की ठोकळ्यासारखे? आत गुळगुळीत चकाकी आहे का? राखाडी रंग किंवा गंजाचे ठिपके आहेत का? मुळे कुठवर गेली आहेत, आणि कुठे आडवी वळली आहेत?

(५) चुनखडीचे खडे किंवा पांढरे ठिपके कुठे सुरू होतात ते पाहा. घरी आम्ल नसते. लिंबू पिळून पाहिले तरी जास्त चुना असेल तर बारीक बुडबुडे दिसतात. संशय असल्यास त्या थराचा वेगळा नमुना प्रयोगशाळेत द्या. संत्रा-मोसंबीसाठी चुनखडी १० टक्क्यांच्या आत असावी.

(६) निचऱ्याची परीक्षा करा. तळाशी एक फूट खोल लहान खड्डा घेऊन पाणी भरा. ते मुरू द्या. पुन्हा भरा आणि काडीने मोजा. तासाला १ ते ३ इंच पाणी उतरले तर निचरा चांगला. अर्धा इंचही उतरले नाही तर तिथे फळझाडांचा विचार सोडा. कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीची ज्वारी किंवा हरभरा घ्या आणि रुंद वरंबा-सरी पाडून जादा पाण्याला वाट करून द्या.

(७) शेतात उतार असेल तर माथा, मध्य आणि पायथा असे तीन खड्डे घ्या. एका खड्ड्यावरून साऱ्या शेताचा निकाल देऊ नका.

२०१५ पासून मिळू लागलेली मृदा आरोग्य पत्रिका पुष्कळांकडे असेल. ती जपून ठेवा, खताच्या मात्रेसाठी ती उपयोगी आहे. पण तिचा नमुना वरच्या अर्ध्या फुटातला असतो. तीन फुटांवर काय आहे, हे पत्रिका सांगत नाही. ते खड्डाच सांगतो.

शेवटची गोष्ट

प्रेअरीच्या त्या मातीचे पुढे काय झाले, हेही ऐका. १८३७ साली पोलादी नांगर आला आणि पुढच्या काही दशकांत ते रान फोडले गेले. पहिली काही वर्षे खताशिवाय पिके आली. लोकांना वाटले की ही माती संपणारच नाही. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला आणि मोकळी जमीन वाऱ्याने उडू लागली. मग १९३५ साली तिथल्या सरकारला मृद्संधारणाचे स्वतंत्र खाते काढावे लागले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात सुमारे एक तृतीयांश जमिनीवरचा काळा थर पूर्ण निघून गेला आहे, विशेषतः टेकाडांच्या माथ्यांवरचा. हजारो वर्षांत साठलेला थर दीडशे वर्षांत गेला.

म्हणून आपल्याकडे जो काही सेंद्रिय कर्ब आहे, तो जपू या. धसकटे, पालापाचोळा जाळू नका. उतारावर आडवी पेरणी करा. बांध दुरुस्त ठेवा. शेणखत, कंपोस्ट दरवर्षी थोडे का होईना, द्या. भारी काळी जमीन त्याने पोयटा होणार नाही, तिचा गण बदलणार नाही. पण तिचे ढेकूळ लवकर फुटेल आणि वाफसा दोन दिवस आधी येईल. शेतकऱ्याला ते दोन दिवसही पुष्कळ आहेत.

आणि काकांना माझे सांगणे एवढेच. पुतण्याला उलट फोटो पाठवा. पण त्याआधी आपल्या शेतात खड्डा खणा, शेजारी फूटपट्टी उभी करा आणि वरून खाली काय दिसते ते लिहून कळवा. तुमच्या गावच्या कृषी कर्मचाऱ्यालाही त्या दिवशी खड्ड्यावर बोलवा. तो आला नाही तर मला कळवा, मी येतो.